गव्हाचा धुरळा

हिमोग्लोबिन 7.6. हा आकडा मी चार वर्षांत तीनदा पाहिला. लोहाच्या गोळ्या घेतल्या की जरा वर सरकायचा, गोळ्या थांबल्या की पुन्हा जागेवर. एका दवाखान्यात सांगितलं, बायकांचं असंच असतं, पालक खा, खजूर खा, गूळ-शेंगदाणे खा. ते सगळं मी खातच होते. सकाळी पोट फुगलेलं, दुपारी बिघडलेलं, तोंडात महिन्यातून दोनदा छाले, आणि कंगव्यात केसांचा गुंता. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबून मी मोबाइल बघते आहे असं दाखवायचे आणि दम खायचे. वय एकोणचाळीस.

शेवटी नागपुरात धंतोलीतल्या एका पोटाच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "इतक्या गोळ्या पोटात गेल्या, मग लोह जातं कुठे, हे कोणी पाहिलं का?" त्यांनी रक्ताची एक तपासणी लिहून दिली, टीटीजी नावाची, आणि एक गोष्ट दोनदा बजावली: दुर्बिणीची तपासणी होईपर्यंत पोळी सोडायची नाही. गहू आधीच बंद केला तर आतडं सुधारायला लागतं, रक्तातली खूण पुसट होते आणि निदान हुकतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्या ओळखीच्या दोन जणींनी नुसत्या शंकेवरून गहू सोडला आणि आता त्यांना नेमकं काय आहे हे कळायला मार्ग उरला नाही. तपासणीसाठी पुन्हा काही आठवडे गहू खा म्हटलं की पोटाच्या भीतीने त्या तयार होत नाहीत.

टीटीजी मर्यादेच्या दहापट निघाली. दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीचे बारीक तुकडे काढले, त्यांचाही अहवाल तोच. सिलिअॅक. आपल्याकडे याला सरसकट गव्हाची अॅलर्जी म्हणतात, पण हे वेगळं आहे. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक परदेशी धान्य) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की माझ्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती माझ्याच आतड्यावर उठते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. माझे ते झिजून सपाट झाले होते. लोह मुख्यतः आतड्याच्या त्याच सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, म्हणून गोळ्या वाया जात होत्या. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. आयुष्यभर ग्लुटेन बंद, एवढाच इलाज.

डॉक्टरांनी जाता जाता एक हकीकत सांगितली, ती माझ्या मनात राहिली. हॉलंडमध्ये डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात 1944-45च्या हिवाळ्यात तिकडे उपासमार झाली, पाव मिळेना. गावभरची मुलं वाळली, पण या आजाराची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. दोष गव्हाचा आहे हे त्यांनी मग नीट तपासून सिद्ध केलं. तोवर अशा कितीतरी लेकरांना आईबापांनी जीव तोडून पावच भरवला असेल. मला माझी आई आठवली. मी लहानपणी किरकिरी होते, म्हणून ती दुधात पोळी कुस्करून माझ्यामागे फिरायची.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मंग जवारी खाय. आम्ही का पोळ्या खाऊन मोठे झालो का?" त्या आर्वीकडच्या. त्यांच्या लहानपणी पोळी सणाला आणि पाहुण्याला, रोजची भाकरच. मला हायसं वाटलं. पोळी बंद, ब्रेड-बिस्किट बंद, रवा, शेवया, मैदा बंद; भात, भाकर, पोहे चालू. आठवडाभरात सगळं बसलं, असं मला वाटलं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. टीटीजी जेमतेम उतरली होती. पोट तसंच. डॉक्टरांना वाटलं मी चोरून काही खाते. मी तिथेच रडले, कारण तीन महिन्यांत मी लेकीच्या वाढदिवसाच्या केकचं बोटसुद्धा चाटलं नव्हतं. मग त्यांच्याकडच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला बाजूला बसवून विचारलं, "ज्वारी कुठे दळता?"

"चक्कीवर."

"त्याच दगडावर आधी काय दळलेलं असतं?"

त्या दिवशी संध्याकाळी मी मानेवाड्याच्या आमच्या चक्कीवर गेले आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. चक्कीवाल्या काकांच्या भुवया पांढऱ्या, भिंतीवरचा दिनदर्शिकेचा देव पांढरा, पंख्याची पाती पांढरी. आमच्या आधी एका ताईंचं दहा किलो गव्हाचं दळण पडत होतं. ते संपलं, काकांनी तोंडाच्या पिशवीला दोन टपल्या मारल्या आणि त्याच पिशवीखाली माझा डबा लावला. ज्वारी वरच्या टोपलीत ओतली. सुरुवातीला पडलेलं पीठ मी चिमटीत धरून पाहिलं. चक्क गव्हाळ रंगाचं. नंतर हळूहळू ज्वारीचा रंग आला. "ताई, पहिलं अर्धा किलो निघालं की मंग तुमचंच पीठ येते ना," काका म्हणाले. खोटं ते बोलत नव्हते, त्यांची फसवण्याची बुद्धीही नव्हती. पण दोन दगडांच्या मध्ये, पिशवीच्या शिवणीत आणि हवेत जे राहतं ते येतच राहतं.

किती आल्याने फरक पडतो? मी हिशोब मांडला, तो इथेही मांडते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत एखाद्या पदार्थाला ग्लुटेनमुक्त म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं. गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा, त्यात ग्लुटेन चार मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक किलो ज्वारीत गव्हाचे पाच दाणे आले की मर्यादा गाठली. दुसऱ्या बाजूने बघा. एका पोळीत सुमारे तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज 50 मिलिग्रॅम पोटात गेलं तरी काही महिन्यांत आतडं बिघडतं, हे तपासून पाहिलेलं आहे. पोळीचा साठावा तुकडा. नखावर मावेल एवढा. मी पोळी सोडली होती, पण रोज त्या तुकड्यापेक्षा कितीतरी जास्त खात होते.

मग मी घरभर धुरळा शोधायला लागले.

पोळपाट-लाटणं लाकडाचं, वर्षानुवर्षं कणीक मुरलेलं. त्यावर मी ज्वारीचे फुलके लाटत होते. तव्यावर आधी पोळ्या, मग माझी भाकर. पिठाच्या चाळण्या दोन होत्या, पण कोणती कशाची हे कोणालाच माहीत नव्हतं. तळणाचं तेल एकच. पुऱ्यांचं तेल गाळून ठेवायचं आणि मूगवडे त्यात तळायचे. लेक पोळीचा तुकडा भाजीच्या वाटीत बुडवून पुन्हा वाटी पुढे करायची, उरलेली भाजी मी संपवायचे. ओट्यावर कणीक भिजवली की शेजारी उघडं वरण.

आणि हिंग. याचा धक्का मला सगळ्यात मोठा बसला. घरोघरी डबीत असतो तो बांधानी हिंग. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळतात. डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: गव्हाचं पीठ किंवा मैदा. मी रोज दोन्ही वेळा त्या हिंगाची फोडणी घालत होते. पापडात तो, लोणच्यात तो, आणि माझ्या पोटदुखीवर आई पाण्यात कालवून द्यायची तोही तोच. आता तांदळाच्या पिठात मिसळलेला हिंग मिळतो, तो आणते. नसला तर लसूण आणि जिरं. वरणाला हिंगावाचून काही उणं पडत नाही, हे मी आता खात्रीने सांगते.

घरात बदल करणं सोपं गेलं नाही. सासूबाईंना वाटलं मी शिवाशिव पाळते. माझा तवा वेगळा, माझी परात वेगळी, माझ्या डब्यांना लाल दोरा. "घरात दोन चुली झाल्या," असं त्या नणंदेला फोनवर म्हणाल्या, ते मी ऐकलं. दोन दिवस आमच्यात बोलणं बेताचंच होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिरपं आलं होतं, त्या कणीक चाळत होत्या, आणि उन्हाच्या त्या पट्ट्यात पीठ तरंगताना दिसत होतं. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली माझं दह्याचं भांडं उघडं होतं. मी काही बोलले नाही. त्यांनीच पाहिलं. भांड्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "मले काय माहीत बाप्पा, थे उडून तुह्या ताटात पडते म्हणून." त्या दिवसापासून कणीक मागच्या वऱ्हांड्यात चाळली जाते, माझा स्वयंपाक आधी होतो आणि पोळ्या नंतर. लाल दोरा आता त्याच बांधतात.

पोळ्या मात्र मी घरच्यांच्या बंद केल्या नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीला पोळी आवडते, यांना डब्यात पोळी लागते. पोळ्या हे करायला शिकले. कणीक भिजवताना हातालाच नव्हे, नाकातोंडातही पीठ जातं, तेव्हा ते काम माझ्याकडे नको, हे त्यांनीच ठरवलं.

चक्कीचा प्रश्न उरला. बाजारातलं ज्वारीचं तयार पीठ घेऊन पाहिलं, पण ज्याच्यावर ग्लुटेनमुक्त असं स्पष्ट लिहिलेलं नाही ते पीठही कुठल्यातरी सामाईक चक्कीतूनच आलेलं. ज्याच्यावर लिहिलेलं असतं ते महाग, आणि शिळं. ते शिळं का चालत नाही ते भाकरीच्या वेळी सांगते. शेवटी दिवाळीच्या बोनसमधून घरगुती चक्की घेतली. तिच्यात गहू कधी पडला नाही, पडणार नाही. ज्वारी, तांदूळ, नाचणी, चण्याची डाळ, एवढंच. बेसनही घरीच दळते, कारण बाजारात बेसन दळणारी चक्कीही बहुतेक वेळा गव्हाचीच असते. ज्यांना चक्की घेणं परवडत नाही त्यांनी जुनं जातं बाहेर काढावं किंवा मिक्सरवर थोडं थोडं दळून बारीक चाळणीने चाळावं. चक्की येईपर्यंतचे चार महिने मी तेच केलं. पीठ जरा जाडसर होतं, भाकर खरबरीत होते, पण होते.

ज्वारी इतवारीच्या किराणा ओळीतून आणते. दुकानात पोत्याशेजारी पोतं आणि एकच माप सगळ्या पोत्यांत फिरतं, म्हणून उघड्या पोत्यातली घेत नाही, शिवलेलं पोतं फोडायला सांगते. तरी निवडायला लागतेच. ताटात मूठभर पसरायची, उजेडाकडे तोंड करून बसायचं. ज्वारीचा दाणा गोल, मोत्यासारखा. गहू लांबट, पोटावर चीर. एकदा डोळ्याला सवय झाली की चुकत नाही. मसूर आणि मुगाचीही डाळ निवडते. मसुरीत गव्हाचे आणि जवाचे दाणे हमखास सापडतात. शब्दांचा एक घोळ इथेच सांगून टाकते: जव वेगळा आणि जवस वेगळी. जव म्हणजे बार्ली, तो मला बंद. जवस तेलबी, तिची चटणी मी रोज खाते. माझ्या मावशीने महिनाभर मला जवसाची चटणी खाऊ दिली नव्हती. आणि सातूचं पीठ आपल्याकडे गहू आणि डाळं भाजून दळतात, म्हणून तेही नाही.

आता भाकर.

मला भाकर येत होती असं मी समजत होते. कधीमधी हुरड्याच्या दिवसांत, वांग्याच्या भाजीबरोबर चार थापायच्या, त्यातल्या दोन फाटायच्या, कोणी काही म्हणत नसे. रोज दोन्ही वेळा तीच खायची म्हटल्यावर कळलं की येत नाही. काठाला चिरा पडायच्या, तव्यावर टाकताना अर्धी हातात राहायची, थंड झाली की पुठ्ठा. गव्हाच्या कणकेत ग्लुटेनचं जाळं तयार होतं, म्हणून पोळी ताणली जाते आणि मऊ राहते. ज्वारीत ते जाळंच नाही. तिथे धरून ठेवायचं काम गरम पाण्याला करावं लागतं. उकळत्या पाण्यात ज्वारीचा स्टार्च फुगतो आणि चिकट होतो, तोच भाकरीचा बंध.

सासूबाई शेजारी पाटावर बसल्या आणि मला आठ दिवस शिकवलं. दीड वाटी पीठ असेल तर वाटीभर पाणी, त्यात मीठ, पाणी खळखळ उकळलं पाहिजे. पिठात मध्ये खळगा करून पाणी ओतायचं, उलथण्याच्या दांड्याने कालवायचं, झाकून ठेवायचं. हात लावण्याइतकं निवलं की तळहाताच्या उंचवट्याने रगडायचं. "बोटायनं नाही, तळव्यानं. आंगातलं जोर लाव." पाच मिनिटं रगडल्यावर गोळा बदलतो, हाताखाली चिवट लागायला लागतो, फुटायचा थांबतो. तो बदल हाताला कळायला मला सहा दिवस लागले. एका भाकरीपुरतंच पीठ घेऊन पुन्हा एकदा रगडायचं, गोळा करायचा, परातीत कोरडं पीठ पसरून थापायला घ्यायचा. थापताना उजव्या हाताने दाबायचं आणि डाव्या हाताच्या कडेने काठ सांभाळायचा, म्हणजे भाकर हळूहळू आपोआप फिरते. पीठ लागलेली बाजू वर येईल अशी तव्यावर टाकायची आणि लगेच त्यावर पाण्याचा हात फिरवायचा. हे पाणी सुकू द्यायचं, पण पूर्ण सुकू द्यायचं नाही; जरा ओल असतानाच उलटायची. ओल गेली तर पापुद्रा सुटत नाही. दुसरी बाजू नीट भाजू द्यायची, मग पहिली बाजू थेट जाळावर. चांगली मळलेली असेल तर टम्म फुगते.

आणि पीठ ताजं लागतं. पंधरा दिवसांच्या पिठाची भाकर कितीही रगडा, तुटतेच. "विरी गेली त्याची," सासूबाई म्हणतात; विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. म्हणून मी आठवड्याचंच दळते, शनिवारी दोन किलो. दुकानातलं पाकीट दोन-दोन महिने पडून असतं, त्यात विरी कुठून राहणार.

ऑफिसच्या डब्यात भाकर दीड वाजेपर्यंत कडक व्हायची. त्यावर उपाय निघाला तो असा: थोडं जास्त पाणी घालून उकड काढायची, चमचाभर तूप लावून मळायचं, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये पातळ लाटायचं आणि फुलका शेकल्याबरोबर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात बंद करायचा. आतल्या वाफेने तो मऊ राहतो. माझ्याबरोबर जेवणाऱ्या दोघी आता मला फुलका मागतात. मी देते, पण त्यांच्या पोळीचा हात माझ्या डब्यात येण्याआधी मी वेगळा काढून देते.

बाकीचं खाणं मला शोधावं लागलं नाही, ते इथलंच होतं. पातोडीचा रस्सा, मोकळं बेसन, भरली वांगी. रविवारी वडाभात: चणा, तूर, मूग, उडीद, मोठ (मटकी) अशा डाळी भिजवून भरड वाटायच्या, मिरची-लसूण-सांबार घालून वडे तळायचे, मोकळ्या भातावर कुस्करायचे आणि वर लाल मिरचीची कडकडीत फोडणी. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, बाहेरगावच्यांनी गोंधळू नये. पावसाळ्यात गोळाभात. उन्हाळ्यात ज्वारीची आंबील आणि कण्या ताकाबरोबर. अंबाडीच्या भाजीतही कण्याच. नाश्त्याला पोहे, मुगाची धिरडी, साबुदाणा, भगर. उपवासाचं बहुतेक खाणं मला चालतं, भगर, राजगिरा, शिंगाडा, फक्त पीठ निवांत चौकशी करून घ्यायचं. थालीपिठाच्या भाजणीतून गहू काढला आणि त्याजागी ज्वारी वाढवली, चव बिघडली नाही. चकलीच्या भाजणीतही तेच. तांदूळ आमच्याकडे भंडाऱ्याचा चिन्नोर येतो, सुवासिक. पण नुसत्या भातावर राहू नये. गहू सुटल्यावर तांदूळ, बटाटा आणि साबुदाणा यांवरच दिवस काढणारी माणसं मी पाहिली आहेत; वजन वाढतं आणि अशक्तपणा तसाच. डाळी, शेंगदाणे, तीळ, जवस, नाचणी, पालेभाज्या ताटात रोज लागतात.

पाकिटातल्या ग्लुटेनमुक्त बिस्किटांवर आणि ब्रेडवर मी सुरुवातीला बराच पैसा घातला. प्रवासाला एखादं पाकीट ठीक, रोजच्या खाण्यात त्यांची गरज नाही, असं माझं मत झालं आहे. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हापासून दुकानात ज्वारीची बिस्किटं, नाचणीचे कुकीज, मल्टीग्रेन आटा यांची रांगच लागली. पुढून ज्वारीचं कणीस छापलेलं, मागे घटकांमध्ये पहिला शब्द मैदा किंवा गहू. मागची बाजू वाचल्याशिवाय काहीही टोपलीत टाकू नका. सुजी, रवा, मैदा, जव, माल्ट हे सगळे शब्द मला थांबवतात. माल्ट बहुतेक जवाचाच असतो, आणि तो दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीत आणि मक्याच्या पोह्यांच्या डब्यातही असतो.

जीव दुखला तो सणांना. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर गव्हाच्या चिकाच्या कुरडया पडतात. चीक शिजतो त्याचा वास अख्ख्या आळीत जातो, आणि लहानपणापासून मी त्या गरम चिकात तेल-मीठ घालून वाटीभर खात आले. आता सासूबाई तांदळाच्या कुरडया वेगळ्या करतात, पण चिकाच्या दिवशी मी मुद्दाम बर्डीच्या बाजारात कामं काढते. आमरसाबरोबर सगळ्यांना गव्हाचे सरगुंडे, मला तांदळाची धिरडी. पोळ्याला पुरण वाटीत, वर तूप. महालक्ष्म्यांना मात्र ताट बरंच भरतं: आंबील, सोळा भाज्या, कढी, वडे, आता सगळं माझ्या तेलात आणि माझ्या हिंगात.

पहिल्या वर्षी शेजारी सत्यनारायण होता. शिऱ्याचा प्रसाद द्रोणात आला. काकूंनी हातात दिला, सगळे बघत होते. मी डोळ्यांना लावला आणि यांच्या हातात दिला. मागून कोणीतरी म्हणालं, प्रसादाने कोणाला काही होत नाही. मला त्या वाक्याचं फार लागलं, कारण माझीही श्रद्धा आहे. पुढच्या वर्षी त्याच काकूंनी दारात येऊन विचारलं, "तुझ्यासाठी राजगिऱ्याचा करू का? कढई तुझीच दे." मी कढई, उलथणं आणि राजगिरा घेऊन गेले. त्यांच्या ओट्यावर तो शिरा आधी झाला, रव्याचा नंतर.

बाहेरचं खाणं जवळजवळ बंद आहे. तर्री पोह्यांचा मोह होतो, पण तर्री दाट करायला काय घातलं हे ठेलेवाल्याला विचारून घ्यावं लागतं. आलूबोंडा बेसनाचाच असतो, पण ज्या कढईत तो तळतात तिच्यातच समोसा आणि कचोरी तळतात. सावजी खानावळीत गेलो तर माझी भाकर डब्यात बरोबर असते; रश्शात कणीक नाही ना, हे आत जाऊन विचारते. चिडत कोणी नाही. एका ठिकाणी स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी मला मसाल्याचा डबाच उघडून दाखवला होता. लग्नाला घरून जेवून जाते. आग्रहाच्या वेळी आजार समजावत बसण्यापेक्षा "डॉक्टरांनी गहू बंद केला आहे" एवढं वाक्य पुरतं.

चक्की आल्यानंतर सहा महिन्यांत टीटीजी अर्ध्याहून खाली आली. वर्षभराने ती मर्यादेच्या आत होती, हिमोग्लोबिन 12.2. त्या दिवशी मी ऑफिसचे दोन्ही मजले न थांबता चढले आणि वर पोचल्यावर यांना फोन केला. हाडांची घनता अजून कमी आहे, त्यासाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू आहे. वर्षातून एकदा तपासणी ठरलेली.

सख्ख्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण दहात एक असते, म्हणून लेकीची तपासणी केली. तिची आत्ता ठीक आहे, पुढेही अधूनमधून करावी लागेल. अमरावतीच्या माझ्या धाकट्या बहिणीला काहीच त्रास नव्हता, नुसती थकायची, म्हणून ती टाळत होती. मी दोन महिने तिच्या मागे लागले. गेल्या आठवड्यात तिचे दोन्ही अहवाल आले. तिलाही आहे.

रात्री तिचा फोन. रडत होती. मग रडणं थांबवून म्हणाली, "ताई, पहिलं काय करू ते सांग." मी तिला म्हटलं, हिंगाची डबी शेजारणीला देऊन टाक आणि एक नवी परात घे. पीठ मी आणते.

आज शनिवार. सकाळपासून सासूबाई आणि मी गच्चीवर ऊन धरून बसलो आहोत, तिच्यासाठी पाच किलो निवडतो आहोत. पहिल्या किलोत चार दाणे निघाले. सासूबाईंनी ते चिमटीत धरून मला दाखवले आणि कठड्यावर चिमण्यांना टाकले.